एका ‘चेक’ची वंशावळ

बँकेत वटवायचा चेक, चेक्सचा शर्ट, पाठवण्यापूर्वी एकदा चेक केलेला हिशेब, बुद्धिबळातला ‘चेक’ आणि अमेरिकी राज्यघटनेच्या चर्चेत हमखास येणारे ‘चेक्स अँड बॅलन्सेस’. एवढ्या निरनिराळ्या गोष्टींना इंग्रजीत एकच शब्द कसा, याची दोन उत्तरे सहसा दिली जातात. एक, हा निव्वळ योगायोग. दोन, शब्दाचा मूळ अर्थ एकच असून बाकीचे त्याचे अपभ्रंश. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. नवा अर्थ शब्दकोशात जन्मत नाही. एखाद्या कामाच्या, यंत्रणेच्या किंवा संस्थेच्या व्यवहारात शब्द वापरला जातो आणि त्या व्यवहाराला नवे वळण मिळाले की अर्थही वळतो. ‘चेक’चा इतिहास याचा चांगला पुरावा आहे.

या शब्दाचे मूळ फारसी ‘शाह’मध्ये आहे. शाह म्हणजे राजा. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूने कोरवलेल्या लेखात या शब्दाचे प्राचीन रूप सापडते आणि ते संस्कृतातल्या ‘क्षत्र’चे सगोत्र आहे. बुद्धिबळाचे मूळ रूप असलेले भारतातले ‘चतुरंग’ इराणात ‘चतरंग’ झाले, अरबांकडे ‘शतरंज’ झाले. प्रतिपक्षाच्या राजावर हल्ला होताच ‘शाह!’ असे बजावण्याची रीत खेळाबरोबर युरोपात गेली. अरबी आणि मध्ययुगीन लॅटिनमधून जाताना या आरोळीचे जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाले आणि इंग्रजीत ‘चेक’. त्या फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून खेळाचे ‘चेस’ हे नाव आले. राजाला इशारा मिळाला की बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवावे लागतात. त्यामुळे ‘अडवणे’, ‘आळा घालणे’ हा अर्थ पटावरच तयार झाला आणि तिथून तो बाहेर पडला.

यानंतरचे वळण इंग्लंडच्या सरकारी तिजोरीत मिळाले. बाराव्या शतकातला राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने तिथल्या कारभाराचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. सुमारे 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद मेजावर रेघा आखलेले काळे कापड अंथरत. पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड असे रकाने पाडून त्यांत चकत्या मांडत आणि परगण्याच्या शेरीफकडून येणे किती, आले किती, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत मोजत. ही बैठक म्हणजे खजिनदार आणि शेरीफ यांच्यातला बुद्धिबळाचा सामनाच, असे फिट्झनीलनेही म्हटले आहे. पटासारख्या या कापडावरून खात्याचे नाव ‘एक्स्चेकर’ पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो. चौकडीच्या कापडाला ‘चेक्स’ म्हणतात, तेही याच पटाच्या घराण्यातले.

बँकेचा चेक त्यामानाने अलीकडचा. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे हुंडीची किंवा पावतीची स्थळप्रत. दोन्ही तुकडे जुळवून पाहिले की खाडाखोड उघडी पडे, म्हणजेच फसवणुकीला आळा बसे. आळा घालणाऱ्या या तुकड्याचे नाव पुढे ज्या कागदाची तो स्थळप्रत होता त्या कागदालाच मिळाले. ताडून पाहणे या अर्थाचे ‘चेक करणे’ही याच विचाराच्या जवळचे आहे. ब्रिटिशांनी या कागदाचे स्पेलिंग बदलले ते बहुधा ‘एक्स्चेकर’च्या वळणावर. अमेरिकेत जुनेच स्पेलिंग राहिले.

यावर एक आक्षेप असा की बँकेचा चेक अरबी ‘सक्क’पासून, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी हमीपासून आला असावा. अरब व्यापारात असे कागद चालत, हे खरे. पण इंग्रजीत या शब्दाचा आधीचा वापर स्थळप्रतीच्या अर्थाने आढळतो आणि त्याच्या मागे आळा घालण्याच्या अर्थाची अखंड परंपरा आहे. दोन भाषांतले शब्द कानाला सारखे वाटले, एवढ्यावर नाते सिद्ध होत नाही. मधल्या प्रवासाचा पुरावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1788 साली अमेरिकी राज्यघटनेचा एक शिल्पकार मॅडिसन शासनाच्या अंगांनी एकमेकांना कसे आवरावे याची मांडणी करत होता, तेव्हा त्याच्या मनात बुद्धिबळ कुठे होते? बहुधा नव्हतेच आणि असण्याची गरजही नव्हती. बोलणाऱ्याला शब्दाची लगतची पायरी माहीत असली की पुरते. ‘आळा’ हा अर्थ तोवर इंग्रजीत शतकानुशतके रुळला होता. इराणी दरबाराची आठवण पुसली गेल्यामुळेच राजवाचक शब्द सत्ताधाऱ्याला आवरण्यासाठी वापरता आला.

मराठीचा अनुभव या मुद्द्याला बळ देतो. फारसीतून तोच ‘शाह’ आपल्याकडे ‘शह’ होऊन आला. शह-काटशहाचे राजकारण म्हणताना आपण पटाबाहेर नेमका तोच आवर घालण्याचा अर्थ घेतो. ‘मात करणे’ही त्याच खेळातले. म्हणजे पट दोन्हीकडे होता, तिथवर दोन्ही भाषांतले अर्थ समांतर गेले. पण आपला जमाखर्च चौकडीच्या कापडावर नव्हे, तर फडणिसांच्या दप्तरात मोडीतून चालला. म्हणून ‘शह’ला हिशेबाचा किंवा हुंडीचा अर्थ कधी चिकटला नाही. ते अर्थ इंग्रजी ‘चेक’बरोबर तयार होऊनच इथे आले आणि एकाच कुळातले हे दोन शब्द आज एकमेकांना ओळखतही नाहीत. बीज एक असूनही अर्थांचा फरक पडला तो संस्थांमुळे.

म्हणून एखाद्या शब्दाच्या आजच्या वापरावर वाद झाला की व्युत्पत्तीला न्यायाधीश करण्याची आपली सवय तपासून पाहायला हवी. मुळाप्रमाणे निवाडा करायचा तर चेक म्हणजे फक्त ‘राजा’, आणि त्या अर्थाने हा शब्द आज कोणीच वापरत नाही. व्युत्पत्ती साक्षीदार म्हणून मात्र मोलाची आहे. कोणता समाज कशाने खेळला, कसा मोजत होता, कोणावर अविश्वास ठेवून कोणता कागद जपत होता, हे ती सांगते. योग्य अर्थ कोणता, हा प्रश्न मात्र तिने नव्हे, आजच्या वापराने सोडवायचा असतो.