देव राहिला, राई गेली

सह्याद्रीतल्या अनेक देवरायांत वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, असा दंडक असे. हे रक्षण भीतीपोटी होते, मग त्याला नीती कसे म्हणावे, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. निव्वळ भीती टिकत नाही. काही ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतलीच झाडे तोडली गेली, तेव्हा देव राहिला, राई गेली. पण त्या दंडकाच्या तळाशी एक विचार होता: जे आपण निर्माण केले नाही, त्याचे आपण मालक नाही. हा विचार देवाविनाही तग धरतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे बांबू तोडतात, विकतातही. पण निर्णय ग्रामसभेचा. वापराने पावित्र्य विटाळत नाही, हावेने विटाळते.