‘साइड इफेक्ट’ कोणाच्या बाजूचा?

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमभोवतीचं विस्तीर्ण मैदान लोकांनी फिरावं म्हणून कोणी राखलं नव्हतं. 1756 साली सिराजउद्दौलाने इंग्रजांचा जुना किल्ला घेतला. पुढच्या वर्षी प्लासीची लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांनी नवा किल्ला बांधायला काढला, तो गोविंदपूर गावाच्या जागेवर. गावातली माणसं दुसरीकडे हलवली, भोवतालचं रान तोडलं; तोफांच्या माऱ्यासाठी समोर मोकळी जागा हवी होती. 1781 च्या सुमारास किल्ला पुरा झाला. त्यावर पुढे हल्ला झालाच नाही. तोफांसाठी मोकळी केलेली जागा मात्र शहराला मिळाली. किल्ल्यात आज लष्कराच्या ईस्टर्न कमांडचं मुख्यालय आहे, आणि अलीकडे त्याला आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून ‘विजय दुर्ग’ असं नाव मिळालं आहे. बाहेर मैदानावर सकाळी चालणाऱ्यांत ‘शुगर’वाले पुष्कळ. मीही त्यांच्यातलीच.

मैदान हा किल्ल्याचा साइड इफेक्ट आहे, असं मी म्हणू शकते. गोविंदपुरातून उठवलेल्या माणसाला ते मान्य झालं नसतं. त्याच्या लेखी घर जाणं हाच किल्ल्याचा परिणाम होता, बाकी सगळं बाजूचं. कोणता परिणाम मुख्य आणि कोणता बाजूचा, हे पाहणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. मधुमेहाच्या गोळ्यांच्या बाबतीत हेच घडतं, आणि तिथे ते नुसतं शब्दांचं भांडण राहत नाही.

मेटफॉर्मिन हे या आजारातलं सर्वांत नेहमीचं औषध. ते रक्तातली साखर खाली आणतं, हा त्याचा परिणाम. मळमळ, जुलाब, तोंडाला येणारी धातूसारखी चव, हे दुष्परिणाम. डॉक्टरांच्या टेबलावर येतो तो रिपोर्ट, आणि रिपोर्टात साखरेचा आकडा असतो. ज्या बाईला घराबाहेर पडण्याआधी वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे याचा हिशेब करावा लागतो, तिच्या दिवसात साखर कुठेच दिसत नाही. कमी झालेली साखर जाणवत नाही, पोट जाणवतं. तिच्यापुरता औषधाचा मुख्य परिणाम पोटातच आहे.

याला एक जुनं उत्तर आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने स्वसंरक्षणाची चर्चा करताना म्हटलं होतं की एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, एक हेतूतला आणि दुसरा हेतूबाहेरचा. कृतीची नैतिक पारख हेतूतल्या परिणामावरून करायची. या न्यायाने डॉक्टर निर्दोष ठरतात. त्यांना साखर उतरवायची होती, जुलाब व्हावेत अशी इच्छा नव्हती. मला हे पटतं, पण पुरत नाही. हेतू लिहून देणाऱ्याजवळ राहतो. गोळी गिळणाऱ्याच्या पोटात दोन्ही परिणाम एकत्रच जातात. शिवाय आकडा उतरणं म्हणजे भलं होणं, हेही प्रत्येक वेळी खरं नसतं. अमेरिका आणि कॅनडातल्या दहा हजारांवर रुग्णांच्या ‘अकॉर्ड’ या चाचणीत साखर फार कडक आवळलेल्या गटात मृत्यू जास्त आढळले, म्हणून 2008 मध्ये ती कडक पद्धत थांबवावी लागली.

मग गिळणाऱ्याने काय करावं? आपल्याकडे बरेचजण गप्प बसतात. डॉक्टरांना उलट काय बोलायचं, एवढ्या रांगेत त्यांचा वेळ काय घ्यायचा, ही आपली भीड. काही गोष्टी बोलायची लाज वाटते. ग्लिफ्लोझिन जातीच्या नव्या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि त्यामुळे गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. घरच्यांसमोर, परक्या माणसाला हे कोणत्या शब्दांत सांगायचं? मग गोळी हळूच बंद होते. पुढच्या रिपोर्टात साखर वाढलेली दिसते, डॉक्टर डोस वाढवतात किंवा दुसरी गोळी जोडतात. पुढे कधी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, कागदावरच्या सगळ्या गोळ्या नेमाने मिळू लागल्या, की साखर एकदम खाली कोसळू शकते. वरवर नम्रता दिसणारी ही गप्प राहण्याची रीत डॉक्टरांना खोट्या माहितीवर निर्णय घ्यायला लावते.

उलट बोललं तर करण्यासारखं बरंच असतं. मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्यायचं, थोड्या डोसापासून हळूहळू वाढवायचं, सावकाश विरघळणारी गोळी घ्यायची, एवढ्याने पुष्कळांचं पोट शांत होतं. ती वर्षानुवर्षं घेतल्यास शरीरातलं बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. त्याने पायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि मधुमेहानेही अगदी तेच होतं. पाय बधिर झाला तो रोगाने की औषधाने, हे रुग्णाने सांगितल्याशिवाय आणि रक्त तपासल्याशिवाय कळायचं कसं? शाकाहारी माणसाने तर हे विचारलंच पाहिजे, कारण बी-12 मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळतं. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून चालू आहे. तिथे रुग्णही स्वतः नोंद करू शकतो. एकीच्या पोटातली गोष्ट त्यामुळे दुसरीच्या कामी येते.

पण मला जे जाणवतं तेवढंच खरं, असंही मी म्हणत नाही. माझ्या बाजूला एकटी आजची मी नाही. पंधरा वर्षांनंतरचीही एक मी आहे, जिचे डोळे आणि मूत्रपिंडं आजच्या गोळीवर अवलंबून आहेत. 1998 मध्ये जाहीर झालेल्या ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासात, मेटफॉर्मिनवर ठेवलेल्या स्थूल रुग्णांमध्ये मृत्यू कमी झालेले दिसले. त्या पुढच्या बाईला आज बोलता येत नाही. तिची बाजू मांडणं हे डॉक्टरांचं काम, आजची बाजू मांडणं हे माझं. दोघींपैकी एकीनेच सगळं सोसावं असा निकाल लागला तर तो अन्यायच, मग तो कितीही सद्हेतूने दिलेला असो.

गोविंदपूरच्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं, आणि मोकळ्या जागेचा फायदा झाला तो भलत्यांनाच. इथे सोसणारं शरीर आणि फायदा मिळणारं शरीर एकच आहे, म्हणून सौदा न्याय्य होऊ शकतो. फक्त त्याआधी सोसणाऱ्याला विचारावं लागतं. ‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून माणूस मोकळा होतो. ‘गोळ्यांनी काय होतं?’ असं विचारलं तर त्याला सांगावं लागतं, आणि विचारणाऱ्याला ऐकावं लागतं.