अर्धवट काम

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुनी गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे जीपच येते. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि पुढे कित्येक वर्षं या भागातल्या कच्च्या वाटांवर तिला तोड नव्हती. वनखात्याचे साहेब, तेंदूपानांचे ठेकेदार, दौऱ्यावरचे डॉक्टर, मतं मागायला निघालेले उमेदवार, सगळे तिच्यातूनच हिंडले. भामरागडजवळ पर्लकोटेला पूर आला की वाट अडायची आणि पाणी ओसरल्यावर चिखल तुडवत निघायची तीही जीपच.

अशी एखादी जीप आता गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभी दिसते. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार. भंगारवाला येतो, किलोचा भाव सांगून जातो. सौदा ठरतच असतो, तेवढ्यात एखादा बाप लेकीला हाक मारतो, "चाल, पाना आण. पाहू का होते तं." तिथून कामाला तोंड लागतं.

या गाडीत लपवाछपवी नाही. बॉनेट उघडलं की चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर सगळं समोर. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं की आत दोन बारीक पॉइंट असतात. वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन त्यांच्यावर जळका थर चढलेला असतो. तो पॉलिश पेपरने घासायचा आणि मग दोघांमधली फट नेमकी ठेवायची, जेमतेम अर्धा मिलिमीटर. चाळिशी लागलेल्या बापाला ही फट दिसत नाही, लेकीला दिसते. मग पेचकस तिच्या हातात जातो आणि बॅटरी धरायचं काम बापाकडे येतं. घरातला मानाचा क्रम इतक्या सहज दुसरीकडे क्वचितच बदलतो.

तसंच प्लगच्या वायरींचं. या इंजिनात ठिणगी एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने पडते. दोन वायरींची अदलाबदल झाली की कार्बोरेटरमधून फटाका वाजतो आणि दोघंही दचकतात. चूक कोणाची, यावर वाद घालून इंजिन सुरू होत नाही. पुन्हा पहिल्या वायरीपासून मोजत यावं लागतं. रागावण्याचा उपयोग नाही हे बापाला कळतं आणि घाबरण्याचं कारण नाही हे लेकीला.

आणि हे काम लवकर संपत नाही. ब्रेकचं किट नागपुरात मिळालं नाही, तर दिल्लीच्या काश्मिरी गेटला विचारावं लागतं. मध्येच धानाची रोवणी येते, परीक्षा येते, कोणाचं लग्न निघतं. पत्रा उघडा पडलेली गाडी पावसाळाभर तशीच राहते. येणारेजाणारे विचारतात, "अजून झाली नाही का?" घरच्यांना ओशाळल्यासारखं होतं.

ओशाळायचं कशाला? या दोन जिल्ह्यांची ओळख ज्या सागाने झाली, त्याचा हिशेब बघा. सागाचं रोप लावणारा ते झाड तोडताना पाहत नाही. एकजण लावतो, दुसरा विरळणी करतो, तिसऱ्याच्या काळात तोड होते. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान रवाना झालं. मिरवणूक निघाली, गर्दी लोटली. ती झाडं लहान असताना ज्या वनरक्षकांनी वणव्यापासून राखली, त्यांची नावं त्या गर्दीत कोणाला ठाऊक असणार? एका माणसाच्या नोकरीत न मावणारं काम इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. अर्धं काम पुढच्याच्या हाती देणं ही इथली रीतच आहे.

अशा कामातून मुलांना काय मिळतं, तेही बघा. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने मुलाच्या हौसेखातर भंगारातून चारचाकी बनवली. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू व्हायची. तिची चित्रफीत देशभर फिरली आणि २०२२ च्या जानेवारीत आनंद महिंद्रांनी त्या गाडीच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. बोलेरो कोणालाही विकत घेता येते. लोखंडाचे तुकडे एकमेकांना जोडून गाडी होते, हे त्या मुलाला घरातच कळलं. ते शोरूममध्ये मिळत नाही.

आपण मुलांना सगळं तयार करून देतो. शाळेतला प्रवेश तयार, स्कूटी तयार, जमलं तर फ्लॅटही तयार. तयार वस्तूला लावायला मुलांपाशी फक्त दोन हात उरतात, एक घ्यायला आणि दुसरा तक्रारीचं बोट दाखवायला. अर्धवट कामात त्यांच्यासाठी जागा असते. तिथे त्यांचं डोकं लागतं, त्यांची नजर लागते आणि आपण थकलो तर ते पुढे नेतात.

सरकारचा नियमही घाई करत नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूप राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येतं. नोंदणी नव्याने झाली तर तिच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. रोज बाजारहाटाला ती वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. म्हणजे तिच्यातून कमाई नाही आणि मुदतही नाही. बापाने सुरू केलेली गाडी लेकीने आपल्या सवडीने रस्त्यावर आणली तरी चालतं.

तेव्हा वाड्यात जीप उभी असेल तर भंगारवाल्याला आज परत पाठवा. जीप नसेल तर जुनं शिलाई मशीन असेल, बंद पडलेला पंप असेल. सुट्टीच्या सकाळी मुलांना जवळ बसवा आणि तो खोला. सगळा एकट्याने जोडून मात्र टाकू नका. काही स्क्रू त्यांच्यासाठी ठेवा.