सायकल सरकारची, चौक कोणाचा?

आठवी ते बारावीच्या ज्या मुलींचं घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत आहे, त्यांना राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते. गडचिरोली आणि चंद्रपूरचे बहुतेक तालुके या कार्यक्रमात आहेत. पूर्वी सायकलीसाठी साडेतीन हजार रुपये मिळायचे, २०२२ पासून पाच हजार मिळतात. त्याहून लांबच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या गाड्या आहेत. सरकारी योजनांना नावं ठेवणं हा आपला आवडता उद्योग. या योजनेला मात्र मी नावं ठेवणार नाही. पाच किलोमीटर पायी जायला तास-सव्वा तास लागतो, सायकलवर अर्ध्या तासाच्या आत शाळा गाठता येते. ‘पोट्टी एवढ्या दूर एकटी कशी जाईल’ हा घरातला जुना प्रश्न या दुचाकीने बऱ्याच ठिकाणी मिटवला.

माझा प्रश्न सायकल हाती आल्यानंतरचा आहे. ती सायकल जिथून जाते तो रस्ताही सरकारचाच आहे, आणि तो कोणासाठी आखला आहे हे पाहायला गडचांदूर, नांदाफाटा, घुग्घुस, पडोली किंवा आष्टी यांपैकी कुठेही शाळा सुटायच्या वेळी उभं राहावं. कुठे सिमेंटचे ट्रक, कुठे कोळशाचे, कुठे राखेचे बल्कर, तर आष्टीच्या बाजूला सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक. डांबराची कड संपते तिथे साइडपट्टी खचलेली असते. डांबर वर, मुरूम खाली. सायकलचं चाक एकदा खाली उतरलं की पुन्हा वर चढवताना हँडल वळतं आणि मुलगी नेमकी रस्त्याच्या आतल्या बाजूला पडते. म्हणून शहाणी मुलगी कडेवरून न जाता डांबरावरूनच, कडेपासून हातभर आत सायकल चालवते. मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन तिला पुन्हा कडेकडे ढकलतो.

चौकात याहून वाईट. आपल्याकडे ट्रकचा चालक उजवीकडे आणि उंचावर बसतो. ट्रकच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकाजवळ उभी असलेली सायकल त्याला दिसतच नाही. ट्रक डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून, कोपऱ्याला घासून वळतात. सायकलवाली ज्या जागी सुरक्षित समजून थांबलेली असते, नेमकी ती जागा मागची चाकं घेतात. त्यात आपले बहुतेक चौक असे ऐसपैस गोलाईने आखलेले की वळताना ट्रकला वेग कमी करावाच लागत नाही. ही गोलाई इंजिनिअरने कागदावर काढलेली असते, त्या कागदावर कुणाची तरी सही असते. अपघात झाल्यावर गुन्हा मात्र चालकावरच. ‘भरधाव व निष्काळजीपणे’ हे शब्द फिर्यादीत जणू छापूनच येतात. चालक दोषी नसतो असं मी म्हणत नाही. दारू पिऊन, झोप मोडून, खेपांच्या हिशोबावर गाडी पळवणारे आहेतच. पण एकाच चौकात वेगवेगळे चालक, वेगवेगळ्या वर्षी, तीच चूक करत असतील तर त्या चौकालाही एकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला हवं.

रस्ते आखण्याच्या शास्त्रात सायकल नाही असं कुणाला वाटेल, तर ते खरं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकसाठीची पहिली शिफारस १९६२ साली छापली, २०१५ मध्ये ती नव्याने लिहिली. मोटारगाड्यांची वर्दळ बऱ्यापैकी असेल तर गर्दीच्या तासाला शंभर सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग करणं योग्य, असा त्या जुन्या शिफारशीचा हिशोब आहे. शाळा सुटल्यावर तालुक्याच्या गावात शंभर सायकली सहज दिसतात. पण मोजणार कोण? रस्त्याच्या रुंदीसाठी वाहतूक मोजतात तेव्हा मोटारीला एक धरतात, ट्रकला तीन आणि सायकलला अर्धा. हा रस्त्यावर व्यापलेल्या जागेचा हिशोब आहे, जिवाचा नव्हे, हे मला कळतं. तरी निर्णय घेताना तोच आकडा टेबलावर असतो आणि त्या बेरजेत सायकलवरची मुलगी अर्ध्या मोटारीएवढी उरते.

दुसरा एक हिशोब त्याहून अस्वस्थ करणारा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली, की ती जागा ‘अपघातप्रवण स्थळ’ ठरते. तेव्हा फाइल हलते, फलक लागतो. म्हणजे उपाय सुरू व्हायला आधी माणसं मरावी किंवा जायबंदी व्हावी लागतात. तोवर ज्यांचा जीव गेला ते नियमाच्या भाषेत पुरावा गोळा करत होते. नैतिकदृष्ट्या मला ही व्याख्या पटत नाही. चौक धोक्याचा आहे हे कळायला दहा प्रेतं लागत नाहीत. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं तरी तो सांगतो.

आणि आपल्या खात्यांना हे जमत नाही असंही नाही. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचच्या जंगलातून चौपदरी करायचा ठरला तेव्हा पर्यावरणवादी न्यायालयात गेले, भारतीय वन्यजीव संस्थेने प्राणी कुठून ओलांडतात याचा अभ्यास केला आणि शेवटी महामार्ग प्राधिकरणाला वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल मिळून नऊ बांधकामं करावी लागली. मग तिथे कॅमेरे लावून कोण किती वेळा गेलं हेही मोजलं, त्यात वाघही मोजले गेले. ताडोबाच्या जिल्ह्यातला माणूस याला विरोध करणार नाही, मीही करत नाही. वाघाला वाट मिळाली याचा आनंदच आहे. पण यातून दिसतं काय, तर जाब विचारणारा कोणी असला की हेच इंजिनिअर, हेच ठेकेदार, हाच पैसा कामाला लागतो. लोहखनिजाचंच पाहा. हेडरीहून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची पाइपलाइन टाकून जुलै २०२५ मध्ये तिचं उद्घाटनही झालं. ट्रक त्याने कमी होतील, चांगलंच आहे. पण खनिजाला स्वतंत्र वाट देणं शक्य असेल, तर शाळेच्या फाट्यावर चार फुटांची वेगळी पट्टी अशक्य कशी?

पैसा नाही हे उत्तर तर या दोन जिल्ह्यांत कुणी देऊच नये. २०१५ पासून खाणींच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होते, ती खाणबाधित भागासाठीच खर्च करायची असते आणि पायाभूत सुविधांत रस्तेही येतात. खाणीच्या ट्रकखाली येण्याचा धोका पत्करणारी मुलगी खाणबाधित नाही, तर कोण?

७ ऑगस्ट २०२५ ला गडचिरोली-आरमोरी महामार्गावर काटली गावाजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने चिरडलं. चौघं गेली. मुलं सायकलवर नव्हती, तो चौकही नव्हता, पण ते गावालगतचं, रोजच्या वापरातलं ठिकाण होतं. मुख्यमंत्र्यांनी प्रत्येकी चार लाखांची मदत जाहीर केली. अशा वेळी आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. गावकरी रस्त्यावर बसतात, टायर जळतात, वाहनांची रांग लागते, तहसीलदार किंवा पोलीस अधिकारी येतात, वाटाघाटी होतात आणि लेखी आश्वासन मिळाल्यावर चक्काजाम मागे घेतला जातो. अमुक दिवसांत गतिरोधक, दिवे, फलक, जड वाहनांना शाळेच्या वेळेत बंदी. तो कागद कोणाच्या तरी खिशात जातो. वर्षभराने तोच चौक, तोच मजकूर, तारीख तेवढी नवी. मदतीची रक्कम घेण्यात गैर काही नाही, घर उद्ध्वस्त झालेल्या बापाला ती नाकारायला सांगणारा मी कोण? पण मदत देणारा सरकार म्हणून देतो, दोषी म्हणून नाही. त्या दोहोंतला फरक आपण विसरलो आहोत.

कायदा विसरलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार किंवा टोलवाली कंपनी यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एक लाख म्हणजे रस्त्याच्या ठेक्यात चहापाण्याचा खर्च, आणि तोही अपघात निधीत जातो, घरच्यांच्या हाती नाही. तरीही हे कलम मोलाचं आहे. दोष ठरवताना न्यायालयाने कोणत्या गोष्टी पाहायच्या याची यादी त्यात दिली आहे. रस्ता कसा आहे, त्यावर कोणत्या प्रकारची वाहतूक अपेक्षित होती आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, हा रस्ता धोक्याचा आहे हे प्राधिकरणाला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का.

आता ते लेखी आश्वासन पुन्हा वाचा. ‘सदर चौकात गतिरोधक बसविण्यात येतील’ असं सही-शिक्क्यानिशी लिहून देणाऱ्या अधिकाऱ्याने काय मान्य केलं? चौक धोक्याचा आहे हे त्याला त्या तारखेपासून माहीत आहे. आंदोलन संपवायला दिलेला तो कागद पुढच्या अपघातात प्रशासनाविरुद्धचा पुरावा आहे. आणि आपण त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो, मग हरवतो.

न्यायालयांचा सूरही बदलतो आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई द्यावी आणि ती दोषी अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करावी असा आदेश दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पादचारी आणि यंत्राविना चालणाऱ्या वाहनांसाठीचे, तसंच रस्त्यांच्या आखणी-देखभालीचे नियम सहा महिन्यांत करा, असं राज्यांना सांगितलं. हे प्रकरण मुळात कोइम्बतूरच्या एका अस्थिरोग शल्यविशारदाने २०१२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेतून उभं राहिलं. मोडलेली हाडं रोज जोडणाऱ्या माणसाने हाडं मोडतात कुठे, हे विचारलं. खड्ड्याला भरपाई आहे, चुकीच्या वळणाला अजून नाही. खड्डा दिसतो, वळण दिसत नाही, म्हणून असेल.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्येच ठरवून टाकलं की रस्त्यावरच्या सुरक्षेची पहिली जबाबदारी रस्ता आखणाऱ्यांची. माणूस चुकणारच, तर त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, अशी व्यवस्था हवी. आपल्याकडे उलट आहे. सातवीतल्या पोराला आपण ‘नीट बघून जा रे’ सांगतो आणि कार्यकारी अभियंत्याला काहीच सांगत नाही. त्यातून रस्ता एका खात्याचा, दिवे दुसऱ्याचे, नाली तिसऱ्याची, पोलीस चौथे. प्रत्येकाकडे दुसऱ्याचं नाव तयार असतं. यावर कायद्याने एक जागा ठेवली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, आरटीओ, बांधकाम विभाग सगळे एका टेबलाला बसतात. ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे तिथे कुणालाच म्हणता येत नाही.

म्हणून शाळांच्या व्यवस्थापन समित्यांना, विशेषतः पालकांना विनंती आहे. अपघाताची वाट पाहू नका. शाळा सुटायच्या वेळी दोन पालकांनी तासभर चौकात उभं राहून सायकली मोजाव्यात, वळणारे ट्रक मोजावेत, खचलेल्या साइडपट्टीचा आणि वळणाचा फोटो काढावा. तारीख, वेळ, चौकाचं नाव घालून साधा अर्ज लिहावा. मागणी दोन-तीन ओळींत असावी. गतिरोधक, दुभाजकात थांबायला जागा, शाळेच्या वेळेत जड वाहनांना बंदी, एवढं पुरे. अर्ज जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या नावे द्यावा, प्रत रस्त्याच्या मालक खात्याला द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. जुन्या चक्काजामचं लेखी आश्वासन कोणाच्या घरी सापडलं तर त्याची झेरॉक्स अर्जाला जोडावी. मूळ कागद शाळेच्या कपाटात ठेवावा.