ससा-सिंहाची गोष्ट सांगतो कोण?

ससा आणि सिंहाची गोष्ट माहीत नाही असं मराठी घरातलं मूल विरळाच. विहिरीत आपलंच प्रतिबिंब पाहून सिंह उडी घेतो आणि पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेलं असतं : तात्पर्य, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. पंचतंत्रात मात्र ही गोष्ट सांगतो दमनक नावाचा कोल्हा, आणि त्याला ती सांगायची निकड आहे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची गट्टी जमल्यापासून आपल्याला कुणी विचारत नाही, म्हणून ती मैत्री फोडायचा बेत त्याने रचला आहे. तुझ्याच्याने हे कसं व्हायचं, ही त्याच्या जोडीदार कोल्ह्याची, करटकाची शंका. तिला उत्तर म्हणून सशाला विहिरीकडे धाडलं जातं. त्याआधी याच कामासाठी कावळ्याने सोन्याची साखळी सापाच्या ढोलीत टाकलेली असते. दुबळ्यांच्या सुटकेच्या या कथा तिथे एका कारस्थानाची वकिली करतात. बालवाङ्मयात नेमका हा सांगणाराच गळतो आणि त्याच्या जागी तात्पर्य येऊन बसतं. मूळ ग्रंथात क्रम उलटा आहे : आधी बोधवचन, मग ऐकणाऱ्याचा 'ते कसं?' हा प्रश्न, मग कथा. म्हणजे बोध हा तिथे निकाल नसतो, कुणीतरी स्वतःच्या सोयीने केलेला दावा असतो.

घोळ 'नीती' या शब्दातही आहे. आज नीतिमान म्हणजे सदाचारी. राजनीती, रणनीती या शब्दांत मात्र जुना अर्थ टिकून आहे. विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत शिकवायचं कबूल केलं ते या जुन्या अर्थाचं नीतिशास्त्र, जगात निभावून नेण्याचं. मग मुलं लबाडीच शिकतील, असा आक्षेप येतो. रूसोने १७६२ च्या 'एमिल'मध्ये ला फोंतेनच्या कावळा-कोल्ह्याच्या गोष्टीबद्दल हेच म्हटलं : मुलं कावळ्याला हसतात आणि कोल्ह्यावर लुब्ध होतात. निरीक्षण खरं आहे, पण खाली तात्पर्य छापून ही ओढ काही कमी होत नाही. ही अस्वस्थता जुनीच. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने पंचतंत्र 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत आणलं. त्यात दिम्नावर, म्हणजे दमनकावर, खटला चालवून त्याला शिक्षा देणारं प्रकरण आहे, आणि ते त्यानेच जोडलं असं मानलं जातं. संस्कृतात दमनक सहीसलामत सुटतो. तरी तिकडे सिंह-बैलाची झुंज चालू असताना करटक त्याला चांगलाच फैलावर घेतो; ग्रंथ त्याची बाजू घेऊन गप्प बसत नाही. लहानग्यांना असा दुपेडी विचार झेपेल का, हा खरा प्रश्न. पण माकड आणि मगरीच्या गोष्टीत आपण तो त्यांच्यावर सोपवतोच. काळीज झाडावर राहिलं, ही माकडाची थाप. जातकात तर ती मारणारं माकड खुद्द बोधिसत्त्व आहे. माकड खोटं बोललं हे मुलाला कळतं, आणि तरी ते माकडाच्याच बाजूने असतं. त्याने 'मग खोटं बोललं तर चालतं का?' असं विचारलं, तर पानाच्या तळाशी त्याचं उत्तर नसतं.