नाबोथाचा नकार

राजांच्या पहिल्या ग्रंथातील नाबोथाची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. इज्रेल येथील त्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता आणि राजाला तेथे भाजीपाल्याची बाग करावयाची होती. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिल्यास राजाचे बोलणे मुळीच अन्यायाचे नव्हते. याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख मोल घे, असे त्याने सुचविले होते. तरीही नाबोथाने नकार दिला आणि त्यापायी खोट्या साक्षीवरून त्याला दगडमार करून ठार करण्यात आले. त्याच्या हत्येविषयी आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत; त्याच्या नकाराचा विचार मात्र आम्ही क्वचितच करतो. रास्त मोल मिळत असता तो नाही का म्हणाला?

नाबोथाच्या लेखी तो मळा वाडवडिलांचे वतन होता. भूमी परमेश्वराची आहे, मनुष्य तिच्यावर उपऱ्यासारखा राहतो, ही लेवीय ग्रंथाची शिकवण त्याच्या रक्तात भिनली होती. जे पूर्णपणे आपले नाही त्याचे मोल आपण कसे घ्यावे, हा त्याचा प्रश्न होता. तो आजही जुना झालेला नाही.

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठी, आंझे शहराजवळ, साव्हनिएर गावी 'कुले द सेरां' नावाचा सुमारे सात हेक्टरांचा द्राक्षमळा आहे. सिस्टर्शियन मठवासीयांनी ११३० साली तेथे वेल लावले. गेल्या शतकात तो जोली कुटुंबाकडे आला. निकोला जोली हे बँकेतील नोकरी सोडून घरी परतले, तेव्हा एका सल्लागाराने त्यांना तणनाशके वापरून खर्च वाचविण्याचा मार्ग दाखविला. त्यांनी तो अनुसरला. दोनेक वर्षांतच मातीचा रंग पालटला आणि तिच्यातील किडेमुंग्या दिसेनाशा झाल्या, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पुढे १९८४ पर्यंत त्यांनी सारा मळा रसायनांपासून मुक्त केला. शेणखत आले, उतारावर घोड्यांचा नांगर आला. आज त्यांची कन्या व्हर्जिनी हा मळा पाहते. त्यांनी स्वीकारलेली पद्धत रुडॉल्फ श्टायनर यांच्या १९२४ सालच्या व्याख्यानांतून निघाली. तिच्यातील ग्रहताऱ्यांविषयीची मते ख्रिस्ती माणसाने मान्य करावीत असे नाही. आम्हांला मोलाची वाटते ती त्यांची कबुली. आठ शतके ज्या मातीने वेल पोसले, तिला इजा करावयास दोन वर्षे पुरली.

तथापि सेंद्रिय शेती म्हणजे निष्पाप शेती, असे समजून आम्ही स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. द्राक्षवेलीला केवडा आणि भुरी हे रोग लागतात. केवड्यावर १८८० च्या दशकात बोर्दो परिसरात मोरचूद व चुना यांचे मिश्रण उपयोगी ठरले. आमच्या नाशिकच्या बागाईतदारालाही 'बोर्डो' हे नाव तोंडपाठ आहे. सेंद्रिय शेतीत हे मिश्रण चालते. परंतु त्यातील तांबे कुजत नाही, विरत नाही. ते वर्षानुवर्षे मातीत साचते आणि गांडुळांना बाधते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. आजोबांनी फवारलेले तांबे नातवाच्या मातीत सापडते. पाऊसपाण्याच्या वर्षी फवारणी टाळावी तर घड हातचे जातात आणि करावी तर ऋण वाढते. भला शेतकरीसुद्धा पुढच्या पिढीच्या नावे काही कर्ज लिहून ठेवतोच. ते किती, याचा हिशेब तो ठेवतो की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

याहून कठीण प्रश्न वारसाचा आहे. वेल लावणाऱ्याच्या नातवाने त्याची छाटणी करावी, हे चित्र मनोहर आहे. पण नातवाला ते नको असेल तर? वतनाच्या नावाखाली लेकरांच्या पायांत बेडी घालण्याचा अधिकार आम्हांला आहे काय? आमच्या मते नाही. देवाने प्रत्येकाला स्वतंत्र पाचारण दिले आहे. मुलाने मळाच करावा, अशी सक्ती आईबापांनी करू नये. मात्र त्याला मळा करावासा वाटला, तर तो करता यावा, इतकी जिवंत माती त्याच्या हाती देणे हे त्यांचे कर्तव्य आहे. मृत माती देणारा बाप मुलाला मोकळे करीत नाही. तो त्याची निवडच हिरावून घेतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा जो विचार मांडला, त्याचा अर्थ आम्ही असा लावतो.

हे सारे दूरदेशीच्या द्राक्षमळ्यांपुरतेच आहे, असे वसईच्या कुटुंबांनी म्हणू नये. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या आमच्याही वाडवडिलांनी राखल्या. विहिरीचे पाणी आटत गेले आणि इमारती उभ्या राहत गेल्या, तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी रास्त मोल घेतले. मुलीचे लग्न, आजारपण, भावाभावांची वाटणी अशी त्यांची कारणे खरी होती आणि त्यांना दोष देण्यास आम्ही धजत नाही. नाबोथाला ज्या राजाने विचारले, त्याच्यापाशी सत्ता होती. आम्हांला विचारणारी बहुधा आमचीच गरज असते.

मिस्साबलिदानासाठी वापरावयाचा द्राक्षारस द्राक्षांचाच, शुद्ध असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. वेदीवरचा प्रत्येक प्याला कुठल्यातरी मळ्यातून, कुणाच्यातरी मातीतून येतो. त्या प्याल्यासमोर गुडघे टेकताना, आमच्या वाटणीची माती आम्ही कोणत्या स्थितीत पुढे देणार आहोत, हे आम्ही स्वतःला विचारावे. उत्तर सोपे नाही. पण नाबोथाने विचार केल्याशिवाय होकार दिला नाही, एवढे तरी आम्ही त्याच्यापासून शिकावे.