नाव सांगण्याची किंमत

गेल्या दिवाळीत माझा भाचा जर्मनीहून आला होता. भाऊबीजेच्या फराळाला बसलो असताना त्याने एक हकीकत सांगितली. आदल्या वर्षी तो इटलीत फिरायला गेला आणि तिथे त्याने भाड्याची मोटार घेतली. फ्लॉरेन्स शहराच्या जुन्या भागात ठरावीक वेळी परवान्यावाचून मोटार नेण्यास बंदी आहे. तशी पाटी लावलेली असते आणि आत शिरणाऱ्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपून घेतो. हॉटेल शोधण्याच्या नादात भाच्याचे पाटीकडे लक्ष गेले नाही. एका संध्याकाळी तो दोन कॅमेऱ्यांसमोरून गेला.

पुढे दोन महिन्यांनी मोटारवाल्या कंपनीने त्याच्या कार्डावरून ५० युरो कापून घेतले. दुसऱ्या दिवशी आणखी ५०. हा दंड नव्हे! ‘गाडी कोणाकडे होती?’ असे पोलिसांनी विचारले आणि कंपनीने नाव-पत्ता कळवला. त्या कळवण्याचे हे पैसे. खरा दंड त्यानंतर कित्येक महिन्यांनी टपालाने आला. परदेशी राहणाऱ्याला ३६० दिवसांपर्यंत नोटीस धाडण्याची मुभा तिथल्या कायद्यात आहे.

“मामा, दंडाबद्दल माझी तक्रार नाही, चूक माझीच. पण माझी चुगली करण्याची मजुरीही मीच द्यायची?”

“चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला!” माझी बहीण म्हणाली, आणि सगळे हसले. मला मात्र त्या रात्री लवकर झोप आली नाही.

कंपनीची बाजू अगदीच लंगडी आहे, असे नाही. करारावर भाच्याची सही होती. कारकुनाचा वेळ फुकट येत नाही. तो खर्च नीट गाडी चालवणाऱ्या इतर गिऱ्हाइकांनी का सोसावा? कोणी म्हणेल, नाव कळवणे हे कायद्याने घातलेले कर्तव्यच आहे. खरे, आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३३ वे कलम मालकाला तेच सांगते. पण कर्तव्यालाही खर्च येतो, आणि तो मागण्यात पाप नाही.

पाप असलेच तर ते मापात आहे. सरकारी दंडाला मर्यादा असते, त्यावर दाद मागता येते. इटलीत तर पाच दिवसांत भरला तर बहुधा तीस टक्के सूटही मिळते. या आकाराचा मात्र न्याय कोण करणार? दंड पुढे रद्द झाला, तर ‘आमची मेहनत झालीच’ म्हणून पैसे ठेवून घ्यायचे. आणि एका पत्राला इतके कसे, असे विचारले, तर गिऱ्हाइकाच्या चुकीकडे बोट दाखवायचे! मेहनताना असेल, तर तो मेहनतीएवढा हवा. शिक्षा असेल, तर न्यायाधीश हवा.

इथवर विचार आला आणि मला माझे कपाट आठवले.

वर्गाचे ग्रंथालय माझ्याकडे आहे. पुस्तक वेळेवर आले नाही, तर पाच रुपये दंड. तरीही आले नाही, तर मी मुलाच्या वडिलांना पोस्टकार्ड टाकतो आणि ‘पत्रखर्च’ म्हणून दहा रुपये घेतो. पोस्टकार्ड ५० पैशांचे! एकदा असे पैसे घेतल्यावर ते पुस्तक माझ्याच कपाटात मागच्या रांगेत सापडले. मी मुलाचा दंड परत केला. दहा रुपये मात्र ठेवले. पत्र तर गेलेच होते ना?

सुट्टी संपल्यावर मी त्याला बोलावले. आधी साडेनऊ रुपये काढले होते. मग चूक माझी, हे ध्यानात आले आणि पुरते दहा त्याच्या हातावर ठेवले.

त्याने नोटेकडे पाहिलेसुद्धा नाही. हलक्या आवाजात तो म्हणाला, “सर, पुस्तक मी दिलं होतं. घरी तेवढं सांगाल?”

त्या संध्याकाळी मी दुसरे पोस्टकार्ड लिहिले. त्याचा खर्च कोणाकडून घ्यायचा, हा प्रश्न मला पडला नाही.